जोडीनें सायकलवरून परदेशीं

परदेशप्रवास म्हटला कीं विमान, आगगाडी, मोठीं शहरें आणि त्यांतील प्रेक्षणीय स्थळें यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु याहून निराळा असा प्रवासाचा एक प्रकार आहे, व त्याची हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि आतां दिसूं लागली आहे. सबंध उन्हाळा परक्या मुलखांत सायकलवरून हिंडावें, आणि तेंहि एकट्यानें नव्हे तर जोडीनें, पतिपत्नींनीं, दोघां भावांनीं किंवा दोघां मित्रांनीं मिळून हिंडावें, असा हा बेत असतो. तो तडीस जातो कशाच्या बळावर? चांगली सायकल, पुरेसा पैसा, पायांतील ताकद आणि अचूक नकाशा यांची गरज कोणीहि नाकारणार नाहीं. तथापि हीं सर्व साधनें जवळ असूनहि बेत अर्ध्यावर मोडूं शकतो, आणि त्याचें कारण बहुधा दोघांच्या चालींतील विसंगति हें असतें. म्हणून आजच्या भाषणांत या प्रवासाची आंखणी जोडीच्या दृष्टीनें कशी करावी, याचा विचार करावयाचा आहे.

जोडी कशी जुळवावी हें शिकण्यासाठीं परदेशीं जावयास नको. लातूर जिल्ह्यांत कर्नाटकाच्या सीमेलगत देवणी हें गांव आहे. या गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी गुरांची जात सर्व मराठवाड्यांत व शेजारच्या बिदर भागांत प्रसिद्ध आहे. गीर, डांगी व स्थानिक गुरें यांच्या संकरांतून ती निपजली असें मानतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंस काळा रंग असलेला वानेरा, अंग पांढरें पण पोटाकडच्या भागावर काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवांकडे काळे डाग असलेला शेवेरा, असे तिचे तीन प्रकार जाणता शेतकरी लांबूनच ओळखतो. रंग जुळला म्हणजे जोड शोभते. पण जोड घेणारा रंगावर थांबत नाहीं. दोघांचें पाऊल बरोबर पडतें कीं नाहीं, हें तो चालवून पाहतो. एक चपळ व एक सावकाश अशी जोड गाडीला जुंपली, तर चपळ बैल जूं पुढें खेंचतो, सावकाश चालणाऱ्याची मान आखडते, आणि सायंकाळीं दोघेहि सारखेच थकतात. सायकलस्वारांच्या मानेवर जूं नसतें, म्हणून हा नियम त्यांना लागू नाहीं असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो त्यांना अधिकच कडकपणें लागू पडतो, कारण त्यांस एकत्र बांधणारी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं.

आपल्या प्रांतांतील सायकलप्रवासाचा इतिहासच पाहा. 1923 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईहून सहा पारशी तरुण जगाची प्रदक्षिणा करण्यासाठीं सायकलींवरून निघाले. इराणचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा सुमारे 71,000 किलोमीटरांचा प्रवास करून 1928 सालीं ते मुंबईस परत आले. परंतु परत आले ते सहा नव्हते, तिघेच होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हीं त्या तिघांचीं नांवें. उरलेल्या तिघांपैकीं एक जण तेहरानहूनच माघारीं फिरला, एकानें अमेरिकेंत राहणें पसंत केलें, आणि त्यानंतर आणखी एक जण मंडळींतून निघाला. यांत कोणाचा भ्याडपणा नव्हता. प्रत्येकाच्या मनांत प्रवासाचें चित्र निराळें होतें, इतकाच त्याचा अर्थ.

त्याच सुमारास, 1924 सालीं, मुंबईचे फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. व्हिएन्ना येथें त्यांस गुस्ताव्ह स्टावजानिक हा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला, आणि पुढचीं कित्येक वर्षें, 1931 पर्यंत, सहारा आणि ॲमेझॉनचें खोरें यांसारख्या बिकट प्रदेशांतून हे दोघे बरोबर हिंडले. भाषा निराळी, धर्म निराळा, देश निराळा; तरी जोडी टिकली. उलट बाजूनें, एकट्यानें जाणेंहि शक्य आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें वयाच्या विसाव्या वर्षीं, 2018 सालीं, सुमारे 29,000 किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. परंतु एकट्या प्रवाशाला आपलीच चाल पाहावयाची असते. जोडीला दोन चालींतून एक चाल तयार करावी लागते, आणि हें काम घरून निघण्यापूर्वींच करावयाचें असतें.

ही एक चाल कोणती असावी? सरासरी काढून भागत नाहीं. ती सावकाश जाणाऱ्याचीच असली पाहिजे. थोडें गणित करून पाहूं. एक जण तासीं 15 किलोमीटर जातो व दुसरा 12. साठ किलोमीटरांच्या मजलेस पहिल्यास चार तास लागतात, दुसऱ्यास पांच. पुढचा गडी वाटेंत तीनचार ठिकाणीं थांबून वाट पाहतो. मागचा दमून येऊन पोंचतो तोंवर पुढच्याची विश्रांति झालेली असते, आणि तो लगेच निघण्याची घाई करतो. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज नाहीं त्याला दिवसाकाठीं एक तास विसावा मिळतो, व ज्याला ती आहे त्याला मुळींच मिळत नाहीं. चार दिवस असे गेले कीं एकाच्या मनांत कंटाळा व दुसऱ्याच्या मनांत अपमान सांचूं लागतो. यावर उपाय सोपा आहे. पुढच्यानें थांबावयाचें तें मागच्याच्या विश्रांतीसाठीं, आणि निघण्याची वेळ मागच्यानेंच सांगावयाची.

दुसरा उपाय पुन्हां जुवापाशींच सांपडतो. जोडींतील एक बैल उणा असेल, तर जुवाची बांधणी मध्यापासून थोडी सरकवून त्याच्याकडची बाजू लांब ठेवली असतां त्याच्या वांट्याला भार कमी येतो. तरफेचा हा साधा नियम आहे. सायकलींवर हीच गोष्ट सामानानें साधतां येते. दोघांचें मिळून 24 किलो सामान असेल, तर तें बारा-बारा किलो वांटण्यांत न्याय दिसतो, पण शहाणपण नाहीं. बळकट गड्यानें सोळा किलो घ्यावें व दुसऱ्यानें आठ. चढावर दोघांची चाल आपोआप जवळ येते. मात्र पासपोर्ट, थोडे पैसे, पाणी, औषध आणि मुक्कामाचा पत्ता या वस्तु प्रत्येकानें स्वतःजवळच ठेवाव्या, कारण परक्या शहरांतील एका चुकलेल्या वळणावर दोघांची ताटातूट होण्यास वेळ लागत नाहीं. प्रत्येक फांट्यावर पुढच्यानें थांबावें, आणि मागचा दृष्टीस पडल्यावरच वळावें, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

हें सर्व ऐकून समजतें. पण अंगीं लागण्यासाठीं तालीम हवी. देवणीकरांना त्यासाठीं उत्तम मार्ग घराजवळच आहे. पहिल्या दिवशीं देवणीहून उदगीर, हें अंतर वीसएक किलोमीटर. पहिली मजल मुद्दाम लहान ठेवावी, म्हणजे सामान कोठें घांसतें, पिशवी कोणत्या बाजूस कलते, हें पाहण्यास सवड मिळते, व दुपारीं उदगीरचा किल्लाहि पाहून होतो. 1760 सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामावर मिळविलेला विजय याच उदगीरच्या नांवानें इतिहासांत नोंदला गेला आहे. दुसऱ्या दिवशीं पहाटे निघून सीमा ओलांडावी आणि सुमारे सत्तर किलोमीटरांवरील बिदर गांठावें. तिसरा दिवस बिदरला विसाव्याचा. बहामनी राज्याच्या या जुन्या राजधानींत महमूद गवानानें 1472 च्या सुमारास उभारलेली मदरसा पाहावी, सायकली पुसाव्या, कपडे धुवावे. चौथ्या व पांचव्या दिवशीं परत यावें. 1956 पर्यंत उदगीर व बिदर हीं एकाच जिल्ह्यांत होतीं. आतां त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली आहे, आणि वाटेंत पाट्यांवरील लिपी बदलते, बाजारांतील बोली बदलते. परदेशीं जें मोठ्या प्रमाणावर अनुभवावयाचें, त्याची ही लहानशी रंगीत तालीम होय.

ही फेरी कार्तिक ते माघ या महिन्यांत करावी. वैशाखांत मराठवाड्याचें ऊन चाळीस अंशांच्या वर जातें, व त्या उन्हांत सायकल चालवून परदेशाची तयारी होत नाहीं, प्रकृति मात्र बिघडते. याखेरीज श्रावणांतील एखादा दिवस भिजत प्रवास करण्यासाठीं राखून ठेवावा. युरोपच्या उन्हाळ्यांत पाऊस पडतो, आणि ओल्या चाकावर ब्रेक उशिरा लागतो, हें आधीं कळलेलें बरें. तालमीच्या शेवटीं दोघांनीं समोरासमोर बसून एक प्रश्न एकमेकांस विचारावा: असेच पांच दिवस आणखी आठ वेळां काढावयास मन घेतें काय? उत्तर प्रामाणिकपणें द्यावें. तिकिटें काढण्यापूर्वीं दिलेला नकार कोणालाहि महाग पडत नाहीं.

आतां उन्हाळा कोणता, हा विचार. आपला उन्हाळा चैत्र-वैशाखाचा. युरोपचा जून ते ऑगस्टचा. म्हणजे तेथें सायकलींचा हंगाम ऐन भरांत येतो तेव्हां आपल्याकडे मृगाची पेरणी चालू असते. ज्यांची शेती आहे त्यांना जूनमध्यें घर सोडणें कठीण. ज्यांना शाळेची सुटी आहे त्यांचीहि सुटी जूनच्या मध्याला संपते. अशांनीं मेचा आरंभ ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ धरावा. मात्र मे महिन्यांत आल्प्स पर्वतांतील उंच खिंडी पुष्कळदां बर्फानें बंद असतात, तेव्हां डोंगराचा नाद सोडून नदीकांठ धरावा. जूनच्या अखेरीस व्हिएन्नासारख्या ठिकाणीं सूर्य रात्रीं नऊच्या सुमारास मावळतो. हा लांबलेला उजेड नवख्याला फसवितो; अजून दिवस आहे म्हणून तो आणखी वीस किलोमीटर जातो, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशीं पाय वसूल करतात.

पहिल्या प्रवासासाठीं डॅन्यूब नदीचा कांठ सर्वांत सोयीचा. आपली गोदावरी सुमारे 1465 किलोमीटर लांब. डॅन्यूब तिच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे 2850 किलोमीटर. जर्मनींतील ब्लॅक फॉरेस्टमध्यें उगम पावून दहा देशांना स्पर्श करीत ती काळ्या समुद्रास मिळते. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे 4400 किलोमीटरांचा जो युरोवेलो 6 नांवाचा सायकलमार्ग आहे, त्याचा मोठा भाग या नदीच्या कांठानेंच जातो. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरील पासाउपासून व्हिएन्नापर्यंतचें अंतर सुमारे 320 किलोमीटर. वाटेंत लिंट्झ शहर, मेल्कचा मोठा मठ आणि द्राक्षमळ्यांनीं भरलेली वाखाउची दरी लागते. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही कांठांनीं रस्ता आहे, व मधूनमधून सायकलीसह नदीपार नेणाऱ्या होड्या आहेत. प्रवाहाच्या दिशेनें, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जावें. उतार नांवापुरताच मिळतो, परंतु वारा बहुधा पाठीशीं असतो.

या मार्गाचें वेळापत्रक दिवसा 45 ते 50 किलोमीटर धरून करावें, आणि दर चार दिवसांनीं एक विसाव्याचा दिवस मोकळा सोडावा. अशा हिशेबानें पासाउ ते व्हिएन्ना हा टप्पा आठनऊ दिवसांत होतो. पुढें ब्रातिस्लाव्हावरून बुडापेस्ट गांठलें तर पासाउपासूनचें अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास जातें. ज्यांच्याजवळ सहा आठवडे आहेत त्यांनीं उगमाजवळच्या डोनाउएशिंगनपासून आरंभ करावा. तेथून बुडापेस्ट सुमारे बाराशे किलोमीटर. या मार्गाचा आणखी एक गुण जोडीच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील स्थानिक आगगाड्यांत सायकलीचें तिकीट काढून ती बरोबर नेतां येते. एकाचा गुडघा दुखूं लागला तर त्यानें एक टप्पा गाडीनें जावें व दुसऱ्यानें सायकलवरून. रात्रीं दोघे एकाच मुक्कामीं भेटतात. यांत कमीपणा मानूं नये.

कागदपत्रांचें काम रुक्ष असलें तरी तेंच सर्वांत आधीं सुरू करावें लागतें. वर सांगितलेले चारहि देश, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया व हंगेरी, शेंगेन करारांतील असल्यामुळें एकच व्हिसा चालतो. त्यावर कोणत्याहि 180 दिवसांच्या काळांत जास्तींत जास्त 90 दिवस राहतां येतें. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो व निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. पण शेवटच्या दिवसांवर विसंबूं नये. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें, त्याच देशाकडे अर्ज करावयाचा, म्हणून कोणत्या देशांत किती रात्री, याची मोजणी चोख असावी. किमान 30,000 युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो. बुडापेस्टच्या पुढें सर्बियांत जावयाचें असेल, तर तो देश या कराराबाहेरचा आहे हें ध्यानांत ठेवावें. एकच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर एकदां बाहेर पडलें कीं पुन्हां आंत येतां येत नाहीं. अर्जासोबत मुक्कामांची यादी द्यावी लागते, आणि येथें सावकाश चालीचा हिशेब पुन्हां उपयोगी पडतो. हौसेच्या भरांत दिवसा ऐंशी किलोमीटर लिहून दिले, कीं प्रवासभर त्या यादीच्या मागें धांवणें नशिबीं येतें.

सायकलीबद्दल थोडक्यांत सांगतों. फार महाग यंत्राची गरज नाहीं. चढासाठीं हलके गिअर, जरा रुंद टायर आणि मागें मजबूत कॅरियर असला कीं पुरे. परंतु दोघांच्या सायकलींच्या चाकांचें माप एकच असावें, म्हणजे एकच जादा ट्यूब दोघांच्या कामास येते. विमानांतून नेतांना पुढचें चाक व दोन्ही पेडलें काढून, हँडल वळवून, सायकल खोक्यांत बसवावी लागते. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात; तें उजवीकडे फिरविलें म्हणजे सुटतें, हें माहीत नसल्यास तास फुकट जातो. पंक्चर काढणें, साखळी जोडणें व ब्रेक आवळणें हीं तीन कामें दोघांनाहि आलीं पाहिजेत. एकानें कारागीर व्हावें आणि दुसऱ्यानें प्रेक्षक, अशी वांटणी परदेशीं चालत नाहीं.

रस्त्यावरील एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. त्या देशांत वाहनें उजव्या बाजूनें चालतात. गर्दींत आपण इतरांच्या मागून बरोबर जातों. चूक होते ती सकाळीं, मोकळ्या रस्त्यावर, मुक्कामाहून निघतांना, जेव्हां जुनी संवय आपल्याला नकळत डावीकडे नेते. म्हणून रोज निघतांना मागच्यानें मोठ्यानें ‘उजवीकडे’ असें म्हणावें. तसेंच जर्मनी व ऑस्ट्रिया येथें रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात. शनिवारींच पाव, फळें, दूध घेऊन ठेवावें. घरचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी व थोडें मेतकूट यांनीं अडलेल्या वेळीं शाकाहारी माणसाचा चांगला निभाव लागतो.

शेवटीं राहिला पैशाचा व मनाचा प्रश्न. रोजच्या खर्चासाठीं एक समाईक पाकीट करावें, आणि त्यांत दोघांनीं आठवड्याच्या आरंभीं सारखी रक्कम घालावी. प्रत्येक चहाचा हिशेब मांडीत बसण्याइतकें कंटाळवाणें दुसरें कांहीं नाहीं. दिवसांतून एखादा तास दोघांनीं एकमेकांपासून दूरहि घालवावा. एकानें नदीकांठीं बसावें, दुसऱ्यानें बाजार पाहावा. सहा आठवडे चोवीस तास सोबत ही घरच्या संसारांतहि सहसा न घडणारी गोष्ट आहे.

आणि एक करार निघण्यापूर्वींच करून ठेवावा. वाटेंत एकाला परत यावें लागलें, आजारामुळें, घरच्या निरोपामुळें, किंवा केवळ मन उडाल्यामुळें, तर दुसऱ्यानें काय करावयाचें? पुढें जावयाचें कीं बरोबर परतावयाचें? दोन्ही उत्तरें योग्य असूं शकतात. अयोग्य गोष्ट एकच, आणि ती म्हणजे हा प्रश्न परमुलखांतील एखाद्या स्टेशनावर, थकलेल्या व रागावलेल्या मनानें, पहिल्यांदा काढणें. 1923 सालच्या त्या सहा तरुणांपैकीं तिघे वेगळे झाले तरी उरलेल्या तिघांची प्रदक्षिणा पुरी झाली. जगप्रदक्षिणेला निघालेल्यांची गोष्ट तशी असूं शकते. पण आपण जातों ते सुटीपुरते, आणि ज्याच्याबरोबर जातों त्याच्याच बरोबर पुढें वर्षानुवर्षें राहावयाचें असतें. तेव्हां नकाशावरील शंभर किलोमीटर राहून गेले तर जाऊं द्यावे. डॅन्यूब पुढच्या वर्षींहि वाहणार आहे.